तुम्ही विचारलंत म्हणून : जंतांनी बिघडवलेले यकृत वनस्पतींनी सुधारते का?

वनौषधींचे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही: जंतांमुळे यकृताला झालेली इजा हळदीतल्या, मिल्क थिसल या काटेरी रोपातल्या किंवा अशाच एखाद्या वनस्पतीतल्या द्रव्याने भरून येते का? विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, तशीच आफ्रिकेत कंपाला किंवा म्वान्झा इथे नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळीही असतात, कारण व्हिक्टोरिया सरोवराच्या त्या परिसरात शिस्टोसोमियासिस हा शिस्टोसोमा नावाच्या कृमींमुळे होणारा रोग रोजच्या ऐकण्यातला आहे. माझे म्हणणे एवढेच की या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. कृमी कशाने मरतो हा एक आणि मागे राहिलेला व्रण कशाने विरतो हा दुसरा. वनस्पतींची बाजू मांडणारे बहुतेक लेखन हे दोन्ही एकत्र कालवून टाकते.

थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याला १८५१ मध्ये कैरो इथे शवविच्छेदन करताना माणसाच्या शिरांत राहणारा हा शिस्टोसोमा कृमी सापडला. त्याच कुळातली मॅन्सोनी नावाची जात यकृताला नडते. तिच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडतात, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात आणि वाढ पूर्ण झाल्यावर नर-माद्या आतड्यांभोवतालच्या शिरांत ठाण मांडतात. एक मादी दिवसाला शंभर ते तीनशे अंडी घालते. त्यांतली काही विष्ठेवाटे बाहेर पडतात, उरलेली रक्ताबरोबर यकृतात जाऊन बारीक शिरांमध्ये अडकतात. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये आढळलेला शिस्टोसोमा मूत्राशयाला बाधणारा होता, त्यामुळे तो इथे विषयाबाहेरचा.)

कृमी यकृत कुरतडत नाही. इजा होते ती अडकलेल्या प्रत्येक अंड्याभोवती शरीर स्वतःच जी पेशींची गाठ बांधते तिच्यामुळे, आणि त्या गाठीच्या जागी पुढे जे चिवट तंतू साठतात त्यांच्यामुळे. अशी यकृते कापून पाहणाऱ्या सिमर्स यांनी १९०४ मध्ये या तंतूंना पांढऱ्या मातीच्या चिलमीच्या नळ्यांची उपमा दिली आणि ती वैद्यकात आजही टिकून आहे. यकृताच्या मूळ पेशी मात्र बऱ्याच प्रमाणात शाबूत राहतात. म्हणून रक्ताचे अहवाल पुष्कळदा जवळजवळ ठीक येतात, आणि तरीही आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढत जातो, प्लीहा फुगते, अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते आणि रोगी त्यात दगावूही शकतो.

पहिल्या प्रश्नाचे आजचे उत्तर प्राझिक्वांटेल हे आहे. १९७० च्या दशकातले हे कृत्रिम औषध शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते. कोवळ्या कृमींवर ते फारसे चालत नाही, आणि नेमकी इथेच एका वनस्पतीची खरी कामगिरी आहे: आर्टेमिसिया या वनस्पतीतल्या, मलेरियासाठी प्रसिद्ध झालेल्या आर्टेमिसिनिनचा शिस्टोसोमावर होणारा परिणाम चिनी संशोधकांनी १९८० मध्ये दाखवला, आणि त्यापासून बनवलेले आर्टेमीथर कोवळ्या कृमींनाच अधिक मारते असे पुढे दिसून आले. मलेरियाच्या प्रदेशात ते यासाठी सर्रास वापरावे का, हा वाद वेगळा; मलेरियाचे हुकमी औषध बोथट होण्याची भीती तिथे रास्त आहे.

इजिप्तमधल्या मिराझिडची हकिगत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण हे औषध आपल्या ओळखीच्या हिराबोळापासून, म्हणजे आपल्या गुग्गुळाच्याच कुळातल्या झाडाच्या डिंकापासून बनवलेले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०४ रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बरे झाल्याचे म्हटले होते. औषध नैसर्गिक, देशी आणि पुरातन काळापासून माहितीतले; त्याचे स्वागत झाले यात नवल नाही. परंतु २००५ मध्ये इजिप्तमध्येच प्राझिक्वांटेलशी तुलना करणाऱ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांपैकी एकीत मिराझिडने बरे होण्याचे प्रमाण सोळा टक्क्यांपलीकडे गेले नाही, तर प्राझिक्वांटेलचे सत्तर टक्क्यांच्या पुढे होते. विष्ठेतली अंडी रोज सारख्या संख्येने येत नाहीत, त्यामुळे कमी नमुने तपासले तर रोगीही बरा दिसू शकतो, हे अशा कोणत्याही दाव्याच्या वेळी ध्यानात ठेवायला हवे. हिराबोळाचे इतर उपयोग यामुळे खोटे ठरत नाहीत, पण या कृमीपुरता माझ्या लेखी हा विषय मिटलेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. मिल्क थिसलच्या बियांतले सिलिमरिन आणि हळदीतले कर्क्युमिन यांच्यावर उंदरांत बरेच प्रयोग झाले असून त्यांत गाठींचा आकार व तंतूंचे प्रमाण घटल्याचे, विशेषतः प्राझिक्वांटेलच्या जोडीने दिल्यास, आढळले आहे. हे निष्कर्ष मी हसण्यावारी नेत नाही. मात्र प्रयोगातल्या उंदराच्या यकृतातली गाठ काही आठवड्यांची असते, तर नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या यकृतातले तंतू वीस-वीस वर्षे साठत आलेले असतात. शिवाय गाठ ही निव्वळ अपाय नव्हे. प्रतिकारशक्ती हिरावून घेतलेल्या उंदरांत गाठी नीट बांधल्या जात नाहीत, तेव्हा अंड्यांतून झिरपणारी विषारी द्रव्ये यकृताच्या पेशींनाच मारतात. म्हणजे गाठ जितकी लहान तितके चांगले, हे गणित एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. आणि सिलिमरिनने रक्तातली यकृताची एन्झाइम्स उतरली असे कोणी सांगितले, तर ज्या रोगात ती मुळात फारशी चढतच नाहीत तिथे त्यातून काय सिद्ध होते, असे मी विचारतो.

हळदीबद्दल आणखी एक गोष्ट. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात अत्यल्प जाते. मिऱ्यातल्या पाइपरिनमुळे ते पुष्कळ वाढते हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, आणि तेव्हापासून दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या वैद्यकीय साहित्यात आहेत. आमटीतल्या हळदीला हे लागू नाही.

म्हणून सरोवरात पोहून आलेल्याने विचारले तर मी आधी तपासणी करून घ्यायला सांगतो, तीही लगेच नव्हे तर सहा ते आठ आठवड्यांनी, कारण त्याआधी अंडी किंवा रक्तातली प्रतिद्रव्ये सापडतीलच असे नाही. कृमी निघाले तर प्राझिक्वांटेल घ्यावे. लवकर उपचार झाले तर, विशेषतः मुलांमध्ये, यकृतातले तंतू पुढे काही प्रमाणात आपोआप ओसरतात असे सोनोग्राफीने दिसलेले आहे. त्या ओसरण्यात सिलिमरिन किती भर घालते हे माणसांवरच्या मोठ्या चाचणीने ठरायचे असल्यामुळे, त्याची बाटली घ्यायची की नाही हे यकृताच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि तिच्या भरवशावर प्राझिक्वांटेल मात्र टाळू नये.