व्हॉल्व्ह पुसायचे नसतात

पहिल्यांदा जुन्या बाजारातून व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या, आणले तेव्हा मी सगळ्यात मूर्खपणाचं काम केलं, घरी येऊन ते स्वच्छ पुसले. साबणाचं पाणी, ओलं फडकं, एकदम मन लावून. अकरा नग होते. तासाभराने अकराच्या अकरा आरशासारखे चकचकीत आणि एकावरही नाव नाही! जुन्या व्हॉल्व्हवरची छपाई कधीकधी इतकी कच्ची असते की नुसता अंगठा घासला तरी जाते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता हे कुठलं खूळ ते सांगतो. घरी ईएल ८४ जातीच्या व्हॉल्व्हवर चालणारा छोटा अँप्लिफायर आहे, त्याला व्हॉल्व्ह लागतात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी भंगारातल्या रेडिओचे व्हॉल्व्ह मिळतात. विकणारा शपथेवर सांगतो, "घ्या सायेब, चालू हाय." त्याने तो कधी लावून बघितलेला नसतो हे त्यालाही माहीत आणि मलाही.

तर ते उघडेबोडके अकरा नग पिशवीत घालून मी एका रेडिओवाल्या काकांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले, अजून सोल्डरिंग हातात. त्यांनी एक उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला, तिरका केला आणि म्हणाले, "नाव कशाला बघतोस रे, काच बघ." काचेच्या खालच्या बाजूला, पिनांच्या जरा वर, राखाडी रंगाची बारीक अक्षरं होती, दोन ओळी. मी एवढं घासूनही ती गेली नव्हती.

फिलिप्स आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या कारखान्यांचा हा कोड. वरच्या ओळीत व्हॉल्व्ह कुठल्या जातीचा ते, ईसीसी ८३ असेल तर आय ६१ किंवा आय ६३ असं काहीतरी, ईएल ८४ असेल तर आरएक्स आणि पुढे एक आकडा. खालच्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. माझ्या एका नगावर बी२जी३ होतं. बी म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न, मुलार्ड कंपनीचा कारखाना. जी म्हणजे जुलै, ३ म्हणजे तिसरा आठवडा. आणि २ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, फक्त शेवटचा, दशक तुमचं तुम्ही शोधा. हा नग ईएल ८४, तो बाजारात आला १९५३ च्या सुमाराला, म्हणजे १९५२ बाद, राहिलं १९६२ नाहीतर १९७२. मला तर कोडं सुटल्यासारखा आनंद झाला, काका मात्र चहा पीत होते.

ईएल ८४, ईसीसी ८३ या नंबरांचंही तसंच, एकदा कळलं की गंमत वाटते. पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं, ई म्हणजे ६.३ व्होल्ट. सी म्हणजे ट्रायोड, बारीक सिग्नल मोठा करणारा, दोनदा सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, एल म्हणजे स्पीकर हलवणारा पॉवर पेंटोड, झेड म्हणजे रेक्टिफायर, एसीचं डीसी करणारा. आकडा आठने सुरू झाला तर नऊ पिनांचा छोटा, तीनने सुरू झाला तर जाड बुडाचा, आठ पिनांच्या सॉकेटचा ऑक्टल, म्हणून ईएल ३४ दणकट आणि ईएल ८४ करंगळीपेक्षा थोडा मोठा. अमेरिकन लोकांची पद्धत वेगळी, त्यांचा १२एएक्स७ म्हणजेच आपला ईसीसी ८३, आणि ६बीक्यू५ म्हणजे ईएल ८४. पहिलं अक्षर यू असेल तर मात्र सावध. त्या रेडिओत सगळे हीटर एकामागोमाग जोडून थेट मेनवर चालवतात, ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे चॅसिसलाच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, करंट असू शकतो. आणि कुठलाही व्हॉल्व्हचा सेट असो, प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. मला एकदा बसलाय, दुसऱ्यांदा नको.

बरं, नाव शाबूत असलं तरी काय? तेव्हा कंपन्या एकमेकांचा माल घेऊन आपलं नाव छापायच्या. वर अँपरेक्स या अमेरिकन कंपनीचं नाव आणि खाली कोडमध्ये त्रिकोण, म्हणजे माल हॉलंडमधल्या हीर्लेनचा. आज मुलार्ड हे नाव न्यू सेन्सर नावाच्या अमेरिकन कंपनीकडे आहे आणि व्हॉल्व्ह बनतात रशियात, साराटोव्हला. वाईट नसतात, पण ब्लॅकबर्नच्या भावाने कोणी विकत असेल तर काच बघा. मी हे शिकलो तेही पैसे घालवून. ऑनलाइन एकाकडून टेलिफुंकन या जर्मन कंपनीचा ईसीसी ८३ घेतला, साडेतीन हजार मोजले. टेलिफुंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या अशा छोट्या व्हॉल्व्हच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच साच्याने उठवलेला शंकरपाळ्यासारखा छोटा चौकोन असतो. माझ्या नगाचं बूड गुळगुळीत. वर नाव मात्र कसं ताजं, ठसठशीत! तेव्हाच शंका यायला हवी होती.

जुन्या बाजारात मीटर नेतो आता. ईएल ८४ ला ४ आणि ५ नंबरच्या पिना हीटरच्या, खालून बघून पिनांमधल्या मोठ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. दोनेक ओहम दाखवले तर आतली तार जिवंत. बाकी जोर किती उरलाय ते टेस्टरवरच कळतं, तो काकांकडे आहे. पण त्याआधी काचेचा शेंडा बघायचा. आतून चांदीसारखा काळपट मुलामा असेल तर ठीक, दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, संपलं. माझ्या त्या अकरापैकी दोन असेच निघाले आणि मी ते सगळ्यात मन लावून पुसले होते.

अकरामध्ये बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचेही तीन होते, काकांनी लगेच ओळखले. संग्राहक लोक यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्यामुळे अजून स्वस्तात मिळतात, आणि माझं ऐकाल तर तेच घ्या. सध्या अँप्लिफायरमध्ये डावीकडे तो ब्लॅकबर्नवाला आणि उजवीकडे बेंगळुरूचा लावलाय. दोन महिने झाले, मला फरक ऐकू आलेला नाही. परवा बायकोला बसवून विचारलं, तुला काही वेगळं वाटतंय का गं दोन्हीत? तिने दोन मिनिटं नीट ऐकलं आणि म्हणाली, "डाव्यावर धूळ बसलीय, पुसू का?"