आमची वाटचाल : लाल टोक

दोन जुने लेथ आणि भोकाचा व्यास मोजणारा, उसना आणलेला बोअर गेज, एवढ्यावर मी आणि माझ्या भागीदाराने सुरुवात केली. पुढची बरीच वर्षं नीट गेली. नीट गेलेल्या वर्षांबद्दल लिहायचं तरी काय? लिहायचं आहे ते एका लॉटबद्दल.

जॉब बुशचा, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्याचा, आणि त्याचं भोक, म्हणजे बोअर, २५ एच७. म्हणजे व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको. भोक तपासायच्या दुटोकी प्लग गेजचं गो टोक अलगद आत गेलं पाहिजे आणि लाल पट्टीचं नो-गो तोंडाशीच अडलं पाहिजे. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं पातं, झिजला, बोअर लहान येऊ लागला, म्हणून ऑपरेटरने ऑफसेट दिला, म्हणजे हत्यार जरा सरकवलं. जरा जास्तच दिला. नो-गो सरळ आत. लहान बोअर पुन्हा मशीनवर चढवता येतो, मोठा झालेला भंगारातच जातो. तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही हे ठाऊक होतं. तरी रिपोर्टवर पंचवीस नगांची मापं ओळीने उतरली : २५.०१०, २५.०११, २५.०१०. खुर्चीत बसल्या बसल्या.

ग्राहकाच्या असेंब्लीत बुश सैल निघाले. सगळा लॉट परत, पेमेंट अडकलं, त्या महिन्याचे पगार भागीदाराच्या मुदतठेवीतून झाले. आमचा एक प्रतिस्पर्धी तर टपूनच बसला होता. ‘त्यांच्याकडे रिपोर्ट घरी लिहितात’ असं सांगत फिरला आणि तो ग्राहक घेऊन गेला. जाता जाता आमचा सेटरही, म्हणजे मशीन लावून देणारा माणूसही, फोडला. त्याचे स्वतःचे रिपोर्ट कसे लिहिले जातात हे तोच सेटर मला नंतर सांगून गेला, पण असो.

तिघांना केबिनमध्ये बोलावलं. दोघं खाली मान घालून उभे. सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, “साहेब, मागच्या महिन्यात मी लॉट थांबवला, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर काय बोललात?”

मला आठवलं. ‘डिस्पॅच काय तुझा बाप करणार?’ असं बोललो होतो. भागीदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच सेटिंगचे काही नग दुसऱ्या एका ग्राहकाकडे गेले होते. त्यांना अजून पत्ता नव्हता. मी स्वतः फोन केला, माल वापरू नका म्हटलं. त्यांचे इन्स्पेक्शनवाले गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “परत पाठवतो. नवीन लॉटला उशीर झाला तरी चालेल, पण माप खरं लिहा.” ते आजही आमच्याकडूनच माल घेतात, आणि आजही प्रत्येक लॉट स्वतःच्या गेजने तपासतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

नव्याने शॉप टाकणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. इन्स्पेक्टरला प्रॉडक्शनच्या हाताखाली ठेवू नका. ज्याला नगांचा आकडा गाठायचाय तोच साहेब असेल तर रिपोर्टवर नो-गो कधीच आत जाणार नाही. लॉट थांबवणारा चुकला असेल तरी चारचौघांत बोलू नका, बाजूला घेऊन समजवा. मापं फारच एकसारखी दिसली तर चार नग उचलून स्वतः मोजा, आणि मशीनवरून उतरलेला गरम जॉब मोजू नका. प्रामाणिकपणाच्या पाट्या आम्हीही लावल्या होत्या. तो रिपोर्ट त्यांच्याच खाली बसून लिहिला गेला.

तो पोरगा आता इन्स्पेक्शन सांभाळतो. गेल्या आठवड्यात गाडी दारात उभी असताना त्याने लॉट अडवला. मी तोंड उघडणार, तोच त्याने एक नग आणि गेज माझ्या हातात दिला. लाल टोक लावून पाहिलं. सरळ आत गेलं. गाडी रिकामी परत पाठवली.