आमची वाटचाल : साचा 140 अंशांवरच

भोसरी एमआयडीसीत आमची इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भाग काढायची, दोन मशिनं. सुरुवात एससी कनेक्टरच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबर जोडणाऱ्या चौकोनी प्लगच्या, हाउसिंगने झाली. हे बाहेरचं कवच पीबीटी या प्लॅस्टिकचं, सरळ टोकाच्या यूपीसीचं निळं आणि तिरक्या टोकाच्या एपीसीचं हिरवं. 2011 मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना मंजूर झाली, पुढे तिचंच भारतनेट झालं, आणि कामं वाढत गेली. पीबीटी 120 अंशांवर चार तास वाळवायचं, माल काढायचा, बिल लावायचं. ती वर्षं सुरळीत गेली.

कसोटी लागली ती पीपीएस या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या होल्डरवर. एलसी या छोट्या कनेक्टरचा 1.25 मिलिमीटर व्यासाचा झिरकोनिया फेरूल, म्हणजे फायबर बसवायची सिरॅमिकची बारीक नळी, धरणारा हा भाग, काचतंतू भरलेल्या पीपीएसचा. साचा अण्णांनी केला. अण्णा माझे पहिले भागीदार, सगळी हयात टूलरूममध्ये गेलेली. पीपीएस वितळलं की पाण्यासारखं पळतं, व्हेंट, म्हणजे साच्यातली हवा जायची फट, जरा खोल गेला की फ्लॅश, म्हणजे कडेला निसटलेला पातळ पापुद्रा, आलाच. अण्णा साचा कोरायचे इलेक्ट्रोड स्वतः घासायचे, व्हेंट स्वतः मोजायचे, आणि साचा ऑइल हीटरवर 140 अंशांना आल्याशिवाय पहिला शॉट मारू द्यायचे नाहीत.

मग एका स्पर्धकाने तोच होल्डर आमच्याहून स्वस्त दिला. साच्याला नुसती पाण्याची लाइन. सायकल छोटी, फ्लॅश कमी, आणि माल काढला त्या दिवशी गेजमध्येही माल चोख बसायचा. पण थंड साच्यात पीपीएसचं स्फटिकीभवन, म्हणजे रेणू ओळीने लागून घट्ट बसणं, अर्धवट राहतं. पॅचकॉर्डवाला, म्हणजे फायबरच्या तुकड्याला टोकांना कनेक्टर लावून देणारा, एपॉक्सी गोंद भरून तो 120 अंशांच्या ओव्हनमध्ये घालतो, तेव्हा उरलेलं स्फटिकीभवन तिथे होतं, होल्डर आकसतो, फेरूल कलतो. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, तिथे एवढं कलणं कुठे चालणार!

आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने सगळी ऑर्डर तिकडे वळवली. त्या स्वस्त मालाचं रिजेक्शन आलं तेव्हा ‘मटेरियलच खराब’ म्हणून आमची जुनी बिलंही अडवली. आमच्या मालात खोट नसताना! बँकेचे हप्ते थकले, दुसरं मशीन विकायला काढलं. हे मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा पाठीशी उभे राहिले नाशिकचे पॅचकॉर्डवाले काका. आमचे आणि स्पर्धकाचे होल्डर त्यांनी एकाच ओव्हनमध्ये ठेवले, आधी आणि नंतर प्रोफाइल प्रोजेक्टरवर, म्हणजे भागाची सावली मोठी करून मापणाऱ्या यंत्रावर, मोजले आणि तो तक्ता त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या कंपनीला पाठवला. मला म्हणाले, “तुझा माल ओव्हनमधून निघाल्यावरही मापात आहे. ॲडव्हान्स घे आणि मशीन विकू नकोस.” मशीन राहिलं. आज त्यावर त्यांचाच होल्डर चालतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, कंट्रोलरच्या आकड्यावर जाऊ नका, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, साच्याच्या कॅव्हिटीला (भाग घडतो त्या पोकळीला) लावून बघा. असल्या भागात रनरचा, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेल्या प्लॅस्टिकचा, चुरा मिसळू नका. आणि नमुना पास झाला की तो गिऱ्हाइकाच्या ओव्हनच्या तापमानाला तापवून पुन्हा मोजा.

त्या कंपनीकडून अजून चौकशी येते. दर आम्ही 140 अंशांच्या सायकलचाच कळवतो.