कापायचं काय?

बंड्या आत्ता घोरत असणार. साडेसहा हजारांची सुरी घेऊन माणूस इतका निवांत झोपू कसा शकतो हेच मला कळत नाही. मी काही घेतलं नाही, आणि जागा मी.

प्रदर्शन अकोट्याच्या बाजूला एका लग्नाच्या हॉलात होतं. चाकूंचं. ‘हाताने घडवलेल्या चाकूंचं’, असं बंड्या फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होता. म्हटलं, पायाने कोण घडवतं? तर म्हणे, चल तर खरं, एसी आहे. एप्रिलमधल्या दुपारी बडोद्यात एवढं कारण पुरतं.

दाराशी पाटी लावलेली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल आणि ते घरकाम, शेती वगैरेसाठी केलेलं नसेल, तर ते शस्त्रकायद्यात येतं. म्हणजे मालतीची विळी सुटली. मी पाटी वाचून हसलो, तर दारावरच्या पोराने माझी पिशवी जरा जास्तच लक्ष देऊन तपासली. तीत काय, बीपीची गोळी आणि पाण्याची बाटली.

आत टेबलंच टेबलं, काळं मखमल, वरून दिवे. पहिल्याच टेबलावर अंजारचे एक म्हातारबाबा सुड्या मांडून बसले होते. आपले अडकित्तेच, पण कच्छी थाटाचे. पितळी दांडे, टोकाला मोराचं तोंड, आणि एकाच्या खिळीशी दोन इवलीशी घुंगरं. उघडमीट केली की वाजतात. म्हणजे घरातल्यांना कळावं, आजोबांनी जेवणानंतरची सुपारी काढली. पाती ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची. स्प्रिंगचं पोलाद, त्याला धार टिकते, म्हणाले. दुकान २००१ च्या भूकंपात गेलं ते परत उभं केलं, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला अजून बोलायचं होतं. त्या सव्वीस जानेवारीला आपल्याकडेही… असो.

सुपारी मी सोडली. सुडी घेऊन काय करू?

हा प्रश्न तिथे पहिल्यांदा मनात आला आणि गेला. त्याचं काही वाटलं नाही. त्रास पुढे झाला.

पुढचं टेबल एका पोराचं. पंचविशीचा असेल. उजव्या हातावर नेहमीसारखे केस आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. धार लावली की त्याच हातावर बघतो, म्हणाला. केस निघाले तर धार आली. त्याची आई म्हणते, निदान पूर्ण बाहीचा शर्ट तरी घाल.

त्याच्याकडच्या एका सुरीवर मी अडकलो. चार बोटं लांब पातं असेल. उंटाच्या हाडाची मूठ, किंचित पिवळसर, आणि अंगठा जिथे टेकतो तिथे अगदी हलका खोलगा. पात्यावर काळ्या-रुपेरी लाटा, वाळूत पाणी ओसरताना उमटतात तशा. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं तर प्रत्येक लाट धारेपाशी येऊन बारीक होत जाते आणि शेवटी सरळ धारेत संपते. पात्याच्या पाठीला, मुठीपासून पाऊण इंचावर, घासायचा राहिलेला एक ओरखडा होता. तो मला फार आवडला. बाकी सगळं इतकं निर्दोष, की तो ओरखडा नसता तर मी यंत्राचं काम समजून पुढे गेलो असतो.

मी विचारत गेलो, तो सांगत गेला. बंड्या तेवढ्यात फोटो काढत होता. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, एक नुसत्या कार्बनची, दुसरी थोडं निकेल असलेली. भट्टीत तापवून घणाखाली एकजीव करायच्या, लांबवायच्या, दुमडायच्या, परत ठोकायच्या. दहा पट्ट्यांनी सुरुवात केली तर पाच दुमडींत ३२० थर. पातं लाल झालं की लोहचुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेलं की तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे झटक्यात गार करून कडक करायचं. तेलातून निघालेलं पातं इतकं कडक असतं की फरशीवर पडलं तर तुटेल. म्हणून मग ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, आणि गार करून परत दोन तास. ओव्हन आईचा. घरात केक बंद झालेत.

सगळ्यात शेवटी फेरिक क्लोराइड. त्यात पातं बुडवलं की कार्बनचा थर काळा पडतो, निकेलचा चकाकत राहतो आणि नक्षी वर येते. तोवर ती आत असूनही दिसत नाही.

याला ही मंडळी दमास्कस म्हणतात. जुनं, ज्याच्यावरून हे नाव पडलं, ते निराळं. ते आपल्या दक्षिणेतलं, तेलंगण-तमिळ भागातलं मुशीत वितळवलेलं पोलाद, आणि त्यातली नक्षी सावकाश गार होताना आपोआप आत उमटलेली. आजच्या थरांच्या कामाचं वेड अमेरिकेतून आलं. बिल मोरान नावाच्या लोहाराने १९७३ साली कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली, तिथून. हेही पोरानेच सांगितलं. बडोद्याच्या वाडी भागात राहतो, कॅन्सस सिटीचं सांगतो. छान वाटलं.

त्याने सुरी माझ्या हातात द्यायला पुढे केली. मी म्हटलं, खाली ठेव, मग उचलतो. तो हसला, पण ठेवली. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, हे मी मानत नाही. मालती मानायची. मानून तरी काय उपयोग झाला म्हणा.

उचलली. हातात बसली. खरं सांगायचं तर इतकी नीट बसलेली वस्तू पुष्कळ दिवसांत हातात आली नव्हती. तो ओरखडा अंगठ्याला लागत होता. ही विकली गेलेली, म्हणाला, पण अशी दुसरी करून देईन. वही काढली, पेन्सिल काढली आणि विचारलं,

“काका, पण तमे कापशो शुं?”

सरळ, कामाचा प्रश्न. त्याला माहीत असणं भाग आहे. भाजी कापायची तर पातं पातळ, धारेचा कोन अरुंद. लाकूड तासायचं तर धारेमागे जाडी हवी, नाहीतर दाते पडतात. आंबट कापणार असाल तर कार्बनचं पोलाद काळं पडतं, मग दुसरं घ्यावं लागतं. त्याने हे सगळं समजावलं आणि पेन्सिल धरून थांबला. बंड्याला आधी हेच विचारलं होतं, तेव्हा बंड्या फटकन म्हणाला होता, “कंई नहीं, शोकेसमां मूकीश.” झालं की.

मी म्हटलं, “बघतो.”

बघतो! हे काय उत्तर झालं?

तेव्हापासून हेच चाललंय. रिक्षात बंड्या बडबडत होता आणि मी मनात घरभर फिरत होतो. दुधाची पिशवी, कात्रीने. गोळ्यांची पाकिटं, कात्रीने. ब्रेड कापलेलाच येतो. डबा शैलाकडून, त्यात भाजी चिरलेली, शिजलेली, वर काकडीच्या चकत्या वेगळ्या पुडीत. कुरिअरचा खोका किल्लीने फाडतो. लोणच्याची कैरी घालणार कोण, आणि घातली तरी खंडेराव मार्केटमधला कैरीवाला सुड्यावर फोडी करूनच देतो. माया म्हणते, बाबा तुमचं किती सोपं झालंय. झालंय खरं. आख्ख्या घरात धार लागेल अशी एक गोष्ट मला सापडेना.

आणि मग वाईट वाटत गेलं, ते वाटतच गेलं. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन. हातात हत्यार धरणाऱ्यांसाठी. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर त्यांचे रंधे, पटाशी, शेजारी विळी, अडकित्ता, आजीची कात्री. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. वडिलांच्या वेळी रंधे गेले, फाउंटन पेन आलं. माझ्या वेळी काय ठेवायचो? कॅल्क्युलेटर. गेल्या दसऱ्याला तेही नाही, मोबाइलवर फूल ठेवलं, आणि मायाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ते पडलं.

तीस-बत्तीस वर्षं काम केलं ते सगळं कागदावर. कागदाला धार नसते असं नाही, बोट कापतं, पण ते वेगळं.

अमेरिकेत सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांची एक संघटना आहे, तिच्यात वरचा दर्जा मिळवायला परीक्षा असते म्हणे. आपण घडवलेल्या सुरीने टांगता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा. मग त्याच सुरीने लाकडाचा सोट दोनदा तोडायचा. मग परत, धार न लावता, हातावरचे केस काढून दाखवायचे. एवढं झालं की पातं शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायचं, आणि ते तुटता कामा नये. परीक्षेत पास झालेली सुरी अशी वाकडी होऊन कायमची बाद. हे ऐकताना मी फार गंभीर झालो होतो. आत्ता वाटतंय, निदान त्या सुरीला विचारलं तरी की तू काय काय कापशील.

इथवर लिहून पाणी पिऊन आलो. वरचं वाचून माझं मलाच हसू येतंय. केवढा तो गळा काढायचा.

कारण तिथे आणखी एक गृहस्थ होते, संग्राहक. स्वतःच्या सुऱ्यांची दोन टेबलं लावून बसलेले. त्यांना मी धीर करून विचारलं, यातल्या कशाने काय कापलंय? म्हणाले, कशानेच काही नाही! अभिमानाने. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसायच्या, पातळ मशीनचं तेल लावायचं, खोबरेल लावायचं नाही, ते चिकट होतं. बोटांचे ठसे पात्यावर राहू द्यायचे नाहीत, घामाने गंज चढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चामड्याच्या म्यानात ठेवायच्या नाहीत. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात, आत पातं खराब होतं. म्यान वेगळं, सुरी वेगळी. दोन्ही एकाच कपाटात, पण वेगवेगळ्या खणांत. मला एकदम सुमावहिनी आणि अण्णा आठवले. बंड्याला सांगितलं, तो इतका हसला की त्या गृहस्थांना राग आला.

तर आख्ख्या हॉलात कापायला कोणाकडेच काही नव्हतं. पात्यावरच्या लांब खाचेकडे बोट दाखवून एक जण बायकोला सांगत होता, रक्त वाहून जायला असते ही. टेबलवाल्याने कंटाळून सांगितलं, नाही हो, वजन कमी व्हावं म्हणून. तोही निराश झाला. राजवाड्यातल्या शस्त्रागारात काचेआडच्या कट्यारींसमोर माणसं असाच चेहरा करून उभी असतात. टोक मुद्दाम जाड ठेवलेलं, चिलखत भेदायला, असं कोणी सांगितलं की हं हं करतात आणि बाहेर येऊन भेळ खातात. मीही खाल्लेली आहे.

आणि निघता निघता जे पाहिलं ते बंड्याला अजून सांगितलेलं नाही. ते तुळतुळीत हाताचं पोर टेबलामागे खाली बसून जेवत होतं. डब्यात थेपले. काकडी चिरत होतं, झपझप, चकत्या एकसारख्या. हातात पिवळ्या प्लॅस्टिक मुठीची सुरी, बाजारातली. मी वाकून म्हटलं, अरे हे काय? एवढी मांडलीत समोर. त्याने तोंडातला घास संपवला आणि मखमलीकडे मान उडवली.

“ए तो वेचवाना छे, काका.” ती विकायची, म्हणे.

मग मला एक चकती दिली. मीठ नव्हतं. सुरीला मात्र धार होती, ती त्याने लावलेली असणार. चकतीतून पलीकडचा दिवा दिसत होता.

विळी माळ्यावर आहे. ती काढायची नाही, तो वेगळा विषय. कपाटाच्या खालच्या खणात शोधाशोध केली तर एक सुरी मिळाली, तिची मूठही प्लॅस्टिकचीच, निळी. पेपरवर चालवून पाहिली. कापत नाही, फाडते. प्रतापनगरच्या वळणावर सकाळी सायकलवर सहाण घेऊन एक जण बसतो, त्याच्याकडे नेईन. त्या पोराला सुरी सांगायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. पाच महिने लागतात, अर्धे पैसे आधी.

शैलाला मात्र रात्रीच फोन केला. म्हटलं, उद्यापासून डब्यात काकडी चिरून पाठवू नकोस, आख्खी पाठव. ती घाबरली, म्हणाली, काका, कडू निघाली का? म्हटलं नाही गं, मी चिरीन. जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, चालेल, पण पैसे तेवढेच राहतील हं. मी म्हटलं, राहू देत.