मशीन ठणठणीत, पण बॅटरी संपली

मी नाटकांचे सेट उभारतो. दुपारचा प्रयोग सुटला की सेट उतरवायचा, टेम्पोत भरायचा आणि रात्रीच्या प्रयोगासाठी दुसऱ्या नाट्यगृहात पुन्हा उभा करायचा. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, अशी आमची पळापळ. यात वायरची ड्रिल मशीन फार त्रास देते. लाइटवाली मंडळी शिडीवर, विंगेत काळोख आणि सगळ्यांच्या पायात वायर. म्हणून २०१४ मध्ये नागदेवी स्ट्रीटवरून १८ व्होल्टची कॉर्डलेस ड्रिल घेतली, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट.

मशीनने कधी दगा दिला नाही. मध्ये मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले ते बदलले, बिट घसरायला लागला तेव्हा तो पकडून ठेवणारा चक बदलला. गिअरमध्ये नवीन ग्रीस भरलं. हे सगळं नागदेवीच्या आसपास सहज मिळतं आणि खर्चही किरकोळ असतो. बंद पडल्या त्या बॅटऱ्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिली मार्च २०२० नंतर. नाट्यगृहं बंद झाली, आमचं सामान गोदामात कुलूपबंद झालं. शेवटच्या प्रयोगात उतरलेली बॅटरी तशीच पेटीत राहिली. प्रयोग पुन्हा सुरू झाल्यावर चार्जरवर लावली तर नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. दुसरीने आणखी काही वर्षं साथ दिली. मग तिची तऱ्हा अशी झाली की चार्जर फुल दाखवायचा, पण लेव्हलच्या (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याच्या) चौकटीत लांब स्क्रू अर्धा गेला की मशीन थांबायची. लहान स्क्रू जायचे, लांब नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर पाहिला आणि म्हणाला, "सर, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. नवीन सेट घ्या." मशीन त्याने हातातही घेतली नाही. मला याचं वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या यंत्राची मोटर, गिअर, स्विच सगळं शाबूत आहे ते केवळ बॅटरीच्या खाचेचा आकार बदलला म्हणून भंगारात टाकायचं, हे मला पटत नाही. एखादं मॉडेल बंद करण्याचा हक्क कंपनीला आहे, पण निदान बॅटरी तरी मिळत राहायला हवी.

आमच्या एका साउंडवाल्याने लॅमिंग्टन रोडचा पत्ता दिला. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर एक काका बसतात. ड्रोन, सायकल, मशीन, कसल्याही बॅटरीचं काम करतात. त्यांनी माझ्या दोन्ही बॅटऱ्या माझ्यासमोर उघडल्या. चांदणीच्या खाचेचे स्क्रू काढले, वरचं प्लास्टिक उचललं, आत दहा लिथियम-आयन सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. दोन-दोनच्या पाच जोड्या, एकामागून एक जोडलेल्या. एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट, पाच जोड्यांचे १८. पूर्ण भरला की सेल ४.२ वर जातो, म्हणजे पाचांचे २१. बाजारात '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेल्या मशीन दिसतात त्यांच्या बॅटरीतही असेच पाच टप्पे एकामागून एक जोडलेले असतात. आकडा तेवढा साधारण भरलेल्या अवस्थेतला लिहिलेला असतो.

काकांनी मल्टिमीटर लावला. दुसऱ्या बॅटरीच्या चार जोड्या ३.९ च्या आसपास, पाचवी २.८. "बघा दादा, ही एक बसलीय. जोर लागला की ही खाली पडते आणि सर्किट अख्खी बॅटरी बंद करतं." लांब स्क्रूचं कोडं तिथेच सुटलं. अशा बऱ्याच बॅटऱ्यांच्या सर्किटमध्ये जोड्यांची पातळी सारखी करण्याची सोयच नसते. एक जोडी मागे पडली की दर चार्जिंगला आणखी मागे पडत जाते.

गोदामात राहिलेल्या बॅटरीच्या सगळ्या जोड्या एक व्होल्टच्या आसपास. मी विचारलं, "बाहेरून थोडा करंट देऊन उठवता येईल का?" असे व्हिडिओ मी पाहिले होते. काकांनी साफ नकार दिला. लिथियमचा सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. त्याहून खूप खाली बराच काळ राहिला तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. मग आग. लाकूड, रंग आणि पडद्याच्या कापडांनी भरलेल्या गोदामात मला ती जोखीम नको होती. चार्जर लाल दिवा दाखवत होता तो याच कारणाने, आणि ते बरोबरच होतं.

ठरलं असं की चांगल्या खोक्यात आणि चांगल्या सर्किटवर दहा नवे सेल बसवायचे. जुने सेल १५०० एमएएचचे (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), जोडीतल्या दोघांचे मिळून ३०००, म्हणून बॅटरी तीन अँपिअर-अवरची. आता त्याच मापात जास्त करंट देणारे २५०० चे सेल मिळतात. म्हणजे तेवढ्याच खोक्यात पाच अँपिअर-अवर.

सेल कुठून घ्यायचे यावर काकांनी बराच वेळ घालवला आणि मला ते महत्त्वाचं वाटलं. रस्त्यावर ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल सर्रास विकायला असतात. या मापाच्या खऱ्या सेलची मजल साधारण ३५०० पर्यंतच जाते. त्यातही मशीनला लागणारा जोरदार करंट देणारे सेल २००० ते ३००० च्या दरम्यानचे. काकांनी एक स्वस्त सेल आणि एक चांगला सेल छोट्या वजनकाट्यावर ठेवून दाखवला. चांगला ४५ ग्रॅमच्या आसपास भरला, स्वस्त त्याहून बराच हलका. ज्यात माल नाही तो चार्ज कुठून धरणार?

जोडणी सोल्डरिंगने करू देऊ नका, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. तापलेली सोल्डर गन सेलवर टेकवली की आतला पातळ पडदा खराब होऊ शकतो. काकांनी निकेलची पट्टी ठेवून स्पॉट वेल्डिंग केलं. टिक टिक असा आवाज, प्रत्येक टोकाला बारीक ठिपके, आणि सेलला हात लावला तर गारच. जोडण्याआधी सगळ्या सेलचे व्होल्ट एकसारखे आहेत हे त्यांनी तपासून घेतलं होतं.

खर्च नव्या मशीन-बॅटरीच्या सेटच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा आला. लांब स्क्रू आता न थांबता जातात.

आता मला कोणी विचारलं की कॉर्डलेस मशीन किती वर्षं टिकते, तर मी दोन उत्तरं देतो. मशीन नीट सांभाळली तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त. कार्बन नसलेली ब्रशलेस घेतली तर ती झीजही नाही, पण तिच्यातलं सर्किट गेलं तर दुरुस्ती महाग पडते. बॅटरीचं गणित निराळं. लिथियम सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर उतरायला लागतो, आणि न वापरताही वयानुसार झिजतो. उष्णता आणि कायम फुल चार्ज ठेवणं या दोन्हींनी तो लवकर म्हातारा होतो, आणि मुंबईत मे महिन्यात बंद टेम्पोत काय उकडतं ते आम्हाला माहीत आहे.

आमच्या जुन्या मंडळींचा आग्रह असतो की बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी. ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातली. लिथियमला ती मारक आहे. मी आता बॅटरी जरा मंदावली की लावतो, काम करून गरम झालेली असेल तर आधी निवू देतो, आणि पावसाळ्यात प्रयोग कमी असतात तेव्हा अर्ध्या चार्जवर घरी, टेम्पो-गोदामापासून लांब ठेवतो. मधूनमधून काढून तपासतो.

दुसरी मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानात मशीनआधी बॅटरीच पाहिली: हीच बॅटरी कंपनीच्या आणखी किती यंत्रांना चालते, सुटी मिळते का, आणि तिच्यावरची उत्पादनाची तारीख काय. दुकानदाराने वर्षानुवर्षं पडून असलेला माल पुढे केला तेव्हा मी तो परत दिला.

जुने सेल काकांनी टोकांना टेप लावून वेगळ्या डब्यात ठेवले, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे गोदामातली ती मेलेली बॅटरी मी सर्व्हिस सेंटरच्या त्याच काउंटरवर नेऊन दिली आणि तिची पोचपावती घेतली.