स्कायरिमची केप आणि एसएमपी: आधी वेट, मग आकडे

स्कायरिम हा २०११ सालचा व्हिडिओ गेम. त्याच्या इंजिनात हॅवोक हे फिजिक्स (वस्तूंच्या हालचालीचं गणित) सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे खरं, पण पात्रांच्या अंगावरच्या कपड्यांच्या वाट्याला ते येत नाही. केप असो की लांब झगा, सगळं अंगाला शिवल्यासारखं पायांबरोबर हलतं. गेमच्या स्पेशल एडिशन या आवृत्तीवर हे बदलायचा रुळलेला रस्ता म्हणजे फास्टर एचडीटी-एसएमपी, थोडक्यात एसएमपी. हे प्लगइन हॅवोकच्या वाटेला जात नाही, बुलेट नावाचं फिजिक्स इंजिन वेगळं चालवतं. सोबत एसकेएसई (असे प्लगइन चालवणारं साधन) आणि एक्सपी३२ चा स्केलेटन (पात्राचा हाडांचा सांगाडा) हवा, एवढं धरून पुढे जाऊ.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवायला हवी: एसएमपीत कापड नसतंच. असतात त्या बोनच्या, म्हणजे न दिसणाऱ्या हाडांच्या, साखळ्या. बुलेट हलवतं ते बोन, आणि मेश, म्हणजे केपचा दिसणारा पृष्ठभाग, त्यांच्यामागे फरफटत जाते. म्हणून केप पुठ्ठ्यासारखी वाटली की एक्सएमएल, म्हणजे फिजिक्सच्या आकड्यांची फाइल, उघडून आकडे खालीवर करणं हा बहुतेक वेळा वाया गेलेला वेळ असतो. दोष वेटमध्ये, म्हणजे मेशचा कुठला बिंदू कुठल्या बोनमागे किती जाईल या वाटणीत, असतो.

खांद्यापासून पोटरीपर्यंतच्या केपला ५ उभ्या साखळ्या आणि प्रत्येकीत ६ बोन, म्हणजे एकूण ३० बोन पुरतात. ३ साखळ्यांवर भागवलं तर चालताना केपला दोनच मोठ्या घड्या पडतात आणि ती दुमडलेल्या फायलीसारखी दिसते. ८ साखळ्या केल्या तर दिसण्यात फरक थोडा आणि बाजारात चार जणांनी तीच केप घातली की एफपीएसचा (दर सेकंदाच्या फ्रेमचा) निकाल. सगळ्या साखळ्यांचा पहिला बोन पाठीच्या वरच्या मणक्याला, म्हणजे स्पाइन-२ ला जोडायचा.

आता वेट. केपची वरची पट्टी, गळ्याभोवतीची आणि खांद्यावर टेकणारी, पूर्ण १.० ने स्पाइन-२ आणि क्लॅव्हिकलच्या (गळ्याजवळच्या हाडाच्या) बोनवर ठेवा. तिथे फिजिक्सचा एक थेंबही नको. त्याखाली तीनचार ओळींत ते वेट उतरवत साखळीच्या पहिल्या बोनकडे न्या. आडव्या दिशेने दोन साखळ्यांच्या मधोमध असलेल्या व्हर्टेक्सला (मेशच्या बिंदूला) दोघींचं निम्मं-निम्मं वेट हवं. तिथे वेट रंगवायचा ब्रश घाईत फिरवला की चालताना केपवर उभी धारदार रेघ उमटते. एका व्हर्टेक्सला जास्तीत जास्त ४ बोन चालतात. पाचवा आला की निर्यात करताना कुठला तरी एक गळतो, आणि कुठला ते आपल्याला विचारून ठरत नाही.

केपला आतली आणि बाहेरची अशी दोन अस्तरं असतील तर बाहेरच्याचं वेट नीट रंगवा आणि आतल्याला त्याचीच नक्कल द्या. दोन्ही वेगवेगळी रंगवली की पळताना आतला रंग बाहेर डोकावतो. आउटफिट स्टुडिओ या कपड्यांच्या मेश बदलायच्या साधनात वेटची नक्कल करताना शोधाची त्रिज्या फार लहान ठेवली तर काही व्हर्टेक्स वेटविना राहतात, आणि गेममध्ये केपचं टोक दोरीसारखं ताणून पायापाशी खेचलेलं दिसतं. हा प्रकार फिजिक्सचा समजून लोक तासन् तास आकडे बदलत बसतात.

मग निफस्कोप, म्हणजे गेमच्या निफ (मेशच्या) फायली उघडायचं साधन. मूळ नोडखाली एनआय-स्ट्रिंग-एक्स्ट्रा-डेटा हा ब्लॉक घाला, त्याचं नाव ‘एचडीटी स्किन्ड मेश फिजिक्स ऑब्जेक्ट’, आणि मजकुरात डेटा फोल्डरपासूनचा एक्सएमएलचा पत्ता. नुसता ब्लॉक घालून भागत नाही. मूळ नोडच्या एक्स्ट्रा डेटाच्या यादीची संख्या एकने वाढवा, यादी ताजी करा आणि त्या जागी ब्लॉकचा क्रमांक भरा. ही पायरी हमखास विसरली जाते. केप मग ढिम्म हलत नाही आणि कुठे चूकही दिसत नाही. पात्राच्या बारीक आणि जाड बांध्याच्या, म्हणजे ० आणि १ या दोन्ही वजनांच्या फायलींत हे करायचं, आणि दोन्हींत व्हर्टेक्सची संख्या व क्रम सारखाच हवा.

एक्सएमएलमध्ये स्पाइन-२ चं मास (वस्तुमान) ०, म्हणजे तो फक्त ॲनिमेशनचं ऐकेल. साखळीतल्या बोनना वरून खाली १ पासून ०.५ पर्यंत उतरतं मास द्या. इथे पदराची आठवण घात करते. जरीच्या काठाने पदर जड होतो, छान लोंबतो, म्हणून केपच्या शेवटच्या बोनला मास १० द्यावंसं वाटतं. पण हलक्या साखळीच्या टोकाला जड ओझं टांगलं की बुलेटचा सॉल्व्हर (हालचाल मोजणारा भाग) गडबडतो आणि केप रबरासारखी ताणली जाते. भारदस्त लोंबणं हवं असेल तर ग्रॅव्हिटी फॅक्टर (गुरुत्वाचा परिणाम) शेवटच्या बोनला १ ठेवून वरच्यांना ०.७ च्या आसपास आणा. लिनिअर डॅम्पिंग (हालचाल मंदावण्याचं प्रमाण) ०.३ पासून सुरू करा. लोकरीला जास्त, रेशमाला कमी.

उभ्या साखळीत लागोपाठच्या बोनमध्ये जेनेरिक कन्स्ट्रेंट (दोन बोनमधला सांधा): लिनिअर (सरकण्याच्या) मर्यादा सगळ्या शून्य, अँग्युलर (वळण्याची) मर्यादा पुढे-मागे मोठी, पीळ पडण्याच्या अक्षावर अगदी छोटी. या मर्यादा रेडियनमध्ये असतात. २० अंश म्हणजे साधारण ०.३५. कोणी सरळ २० लिहिलं की मर्यादाच उरत नाही आणि केप स्वतःभोवती गुंडाळली जाते.

उभे कन्स्ट्रेंट ३०, आणि शेजारच्या साखळ्यांना बांधणारे आडवे २४. आडवे टाळले तर पाचही साखळ्या आपापल्या वाटेने झुलतात आणि केपची दारावरच्या मण्यांच्या पडद्यासारखी गत होते. आडव्यांना स्टिफ-स्प्रिंग प्रकारचा कन्स्ट्रेंट बरा, अंतर ०.८ ते १.१ पट इतकं मोकळं सोडून. घड्या त्या मोकळ्या जागेतूनच पडतात.

केप आणि शरीराची टक्कर तपासायला केप पर-व्हर्टेक्स (बिंदूनुसार) आणि शरीर पर-ट्रँगल (त्रिकोणानुसार). शरीराची दिसणारी मेश वापरू नका. मांड्या, नितंब आणि पाठ एवढ्याच भागाचं काहीशे त्रिकोणांचं अदृश्य कवच पुरतं. मार्जिन (टक्कर धरायचं अंतर) कमी असेल तर धावताना टाच केपमधून बाहेर येते, जास्त असेल तर केप पाठीपासून बोटभर लांब तरंगते. एक्सएमएलमधल्या पेनेट्रेशनच्या (आत रुतण्याच्या) टॅगचं नाव जुन्या फायलींत ‘प्रेनेट्रेशन’ असं एक जादा र घालून लिहिलेलं सापडेल. मूळ कोडमधली ती चूक आहे, प्लगइनला दोन्ही चालतात, त्यामुळे दुरुस्तीच्या नादी लागू नका.

उभं असतानाच केप थरथरत असेल तर ती मुळातच शरीरात रुतलेली असते. इंजिन बाहेर ढकलतं, कन्स्ट्रेंट आत ओढतो, हे दर फ्रेमला चालू राहतं. उपाय पुन्हा वेटचाच: खांद्यावरची पट्टी खरोखर पूर्ण स्पाइन-२ आणि क्लॅव्हिकलवर असेल तर तिची शरीराशी टक्कर तपासलीच जात नाही. बाकीची केप विश्रांतीच्या पोझमध्ये कवचापासून मार्जिनपेक्षा जरा जास्त दूर ठेवा.

केप अजिबात हललीच नाही तर माय गेम्सच्या फोल्डरमधल्या एसकेएसईच्या फोल्डरात एचडीटी-एसएमपी-६४ नावाची लॉग फाइल असते, ती उघडा. बोन किंवा शेपचं नाव एका अक्षराने चुकलं तरी तिथे तक्रार सापडते. एक्सएमएल बदललं की गेम चालू असतानाच कन्सोलमध्ये ‘एसएमपी रिसेट’ टाका. निफ बदलली असेल तर मात्र गेम बंद करून पुन्हा सुरू करा, कारण जुनी मेश मेमरीत राहते आणि दुरुस्त झालेली चूक अजून तिथेच असल्यासारखी दिसते. तपासणी सपाट रस्त्यावर करू नका: जिना उतरा, खाली वाका, घोड्यावर बसा. बसल्यावर मांड्या नव्वद अंशांत येतात आणि केपचा खोगिराशी संबंध येतो. खोगिरासाठी कवच नसतं, म्हणून तिथे थोडं आरपार जाणं गृहीत धरायचं.