यूएस प्रोसेस, ऑसी प्रोसेस आणि आपला कान

मालाड-ऐरोलीच्या कॉल सेंटरांत ट्रेनिंग सुरू होतं ते बोलण्यापासून. ज्या देशाच्या ग्राहकांचे कॉल घ्यायचे, त्या कामाला तिथे 'प्रोसेस' म्हणतात. माझ्या मते आधी कान तयार करावा, कारण घोळ ठरावीक जागीच होतात.

सर्वांत महागात पडतं ते 'कॅन' आणि 'कॅन्ट'. 'आय कॅन डू इट' म्हणताना अमेरिकन माणूस 'कॅन' गिळतो. ऐकू येतं 'आय क्न डू इट', जोर 'डू'वर. नकारात मात्र 'कॅ' पूर्ण आणि ठासून येतो, शेवटचा 'ट' जिभेवरच अडतो. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला सारखंच वजन देतो, त्यामुळे आपलं होकारातलं 'कॅन'ही ठसठशीत. पलीकडच्याला वाटतं, हा नाही म्हणाला! म्हणून होकाराला 'येस' जोडा आणि नकाराला सरळ 'कॅनॉट' म्हणा. यूके प्रोसेसमध्ये हा त्रास कमी, कारण दक्षिण इंग्लंडात 'कान्ट'चा 'आ' चांगला लांब असतो.

रकमांचं तसंच. पुढच्या अक्षरावर जोर नसेल तर अमेरिकन 'ट' हिरडीला नुसता शिवून जातो: 'वॉटर'चं 'वाडर', 'थर्टी'चं 'थर्डी'. 'थर्टीन'मध्ये जोर 'टीन'वर, म्हणून तिथला 'ट' खणखणीत. आकडा ऐकताना शेवटच्या 'न'च्या भरवशावर राहू नका, 'ट' कसा येतो ते ऐका. तरीही 'वन-थ्री की थ्री-झीरो?' विचारून घ्यावंच.

ऑस्ट्रेलियनांचं 'टुडे' आपल्याला 'टुडाय' वाटतं. स्पेलिंग घेताना त्यांचं 'ए' हमखास 'आय' म्हणून टाइप होतं. तिथे 'अल्फा' (म्हणजे A) की 'इंडिया' (म्हणजे I) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. न्यूझीलंडचं 'टेन' 'टिन'कडे झुकतं, 'सिक्स' 'सक्स'कडे.

आता आपल्या तोंडाकडे. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला इंग्रजीत हवेचा झोत लागतो. तो नसला की आपलं 'पिन' त्यांना 'बिन' ऐकू येतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा: 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पेन' म्हणताना जवळजवळ नाही. मुंबईत गडबड अशी होते की झोत द्यायला सांगितला की पोरं 'फेन' म्हणतात, आणि आपला 'फ' हल्ली दात लावूनच निघतो. ओठ पूर्ण मिटूनच सोडायचे.

'व्हाइन' (vine, वेल) आणि 'वाइन' (wine) यांची कसोटी आरशात होते: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू, दात कुठेच टेकत नाहीत.